स्वतःच्या डोमेनवर येणारी नको ती मेल: पावसाळ्याआधी लावलेल्या सेटअपचा दिवाळीनंतरचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगून टाकतो, स्पॅम बंद होत नाही. बंद करून देतो म्हणून कुणी विकायला आला तर त्याचीही मेल त्याच ढिगात टाका. पण कुठल्या पत्त्यावर कोण येणार आणि कुठला पत्ता कधी मारून टाकायचा एवढं आपल्या हातात राहतं, आणि माझं काम त्यावर भागलंय. फिल्टर कडक करून भागलं नसतं, उलट नुकसान झालं असतं, ते का ते खाली येईलच.

धंदा काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बेळगावात, उद्यमबागेच्या बाजूला, पॅटर्न आणि कोअर बॉक्सची (ओतकामाचा साचा बनवायला लागतात ते नमुने) ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल करून देतो. गिऱ्हाईक म्हणजे इथले फाउंड्रीवाले, कोल्हापूर, हुबळी, मधेच कधीतरी कोईमतूरचा पंपवाला. साइट साधीच आहे, स्वतःच्या नावाचं डोमेन, चार फोटो, काय काय करतो त्याची यादी आणि मेलचा पत्ता. आता या लाइनमध्ये नवीन माणसाची पहिली मेल कशी येते बघा. "डिअर सर, वी आर इंटरेस्टेड इन युवर प्रॉडक्ट, काइंडली कोट बेस्ट प्राइस." खाली नाव नाही, फोन नाही, सोबत एक झिप फाइल. तुम्ही म्हणाल स्पॅम. तर नाही, तो खरा माणूस असतो, झिपमध्ये पंप बॉडीचं ड्रॉइंग असतं आणि त्याच्याकडनं पुढं वर्षभर काम येतं. आणि शब्दाला शब्द तसलीच दुसरी मेल येते, तिच्यात 'पीओ' नावाची आरएआर फाइल, उघडली की एजंट टेस्लासारखं काहीतरी आत शिरणार आणि सेव्ह केलेले पासवर्ड उचलून नेणार. मशीनला या दोघांतला फरक कळत नाही. खरं तर आमच्या काकांनाही कळत नाही, पण काका निदान उघडायच्या आधी हाक मारतात.

आधीच्या होस्टिंगवाल्याचं नाव घेत नाही, पण त्याच्याकडं कॅच-ऑल आपोआप चालू होता. म्हणजे डोमेन मागं ठेवून पुढं काहीही टाइप करा, अॅडमिन, सेल्स, एचआर, अकाउंट्स, सगळं एकाच इनबॉक्समध्ये. सोय म्हणून ही गोष्ट बरी वाटते, पण स्पॅमवाले नावांची लांबलचक यादी घेऊन एकेक पत्ता ठोकून बघतात आणि कॅच-ऑल असला की प्रत्येक ठोका लागतो. आणि डोमेन घेतलंय हे त्यांना कळतं कसं, तर .कॉम सारख्या डोमेनांची यादी झोन फाइलमध्ये मिळते, शिवाय साइटला एसएसएल सर्टिफिकेट घेतलं की त्याची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये जाते. २०१८ च्या मे महिन्यात युरोपातला जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा लागू झाला तेव्हापासून .कॉमच्या व्हूइजमध्ये (डोमेन कुणाचं ते सांगणारी सार्वजनिक नोंद) मालकाचं नाव-पत्ता बहुतेक झाकलेलं असतं हे खरं, पण डोमेनचं नाव झाकत नाहीत, आणि नाव मिळालं की पुढं 'इन्फो' लावून बघायला काय जातंय.

तर आता सेटअप. मेलसेवा पैसे देऊन घेतलेली आहे, कुणाची ते महत्त्वाचं नाही कारण उपनावं, म्हणजे ज्याला एलियस म्हणतात, ती सगळीकडं मिळतात. फुकटात करायचं असेल तर क्लाउडफ्लेअरचं ईमेल राउटिंग आहे, डोमेनचा डीएनएस (साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरला जायची ती नोंद) त्यांच्याकडं ठेवावा लागतो आणि येणारी मेल तुमच्या नेहमीच्या जीमेलला पुढं ढकलली जाते. मला त्याच पत्त्यावरनं कोटेशन पाठवायचं असतं म्हणून मी पूर्ण मेलबॉक्स घेतला. कॅच-ऑल बंद. ज्याला पत्ता द्यायचा त्याला वेगळा पत्ता. बँकेला एक, जीएसटीला एक, टूलिंगच्या दुकानाला एक, बीटूबी पोर्टलांना प्रत्येकी एकेक. सगळे एकाच इनबॉक्समध्ये येतात पण 'टू'मध्ये बघितलं की कळतं कुठल्या दारानं आला. एका पोर्टलला दिलेला पत्ता महिना-दोन महिन्यात क्रिप्टोच्या जाहिराती घेऊन आला, दुसरीकडं कुठंच दिलेला नव्हता तो. भांडायला गेलो नाही. एलियस डिलीट केला, आता तिथं पाठवणाऱ्याला सर्व्हरच ५५० म्हणून सांगतो की असा कोणी इथं राहत नाही. जीमेलमधल्या प्लसवाल्या युक्तीनं (आपल्या नावापुढं '+बँक' असं काहीतरी जोडायचं) हे होत नाही, कारण प्लसच्या पुढचं कापलं की खरा पत्ता उघडाच पडतो.

साइटवर जो पत्ता छापलाय त्यात सालाचे आकडे टाकलेत, चौकशी२५ असं समजा. गुढीपाडव्याला तो बदलायचा, जुना आणखी वर्षभर जिवंत ठेवायचा पण त्याची मेल वेगळ्या फोल्डरात. कारण आमचे गिऱ्हाईक लोक दोन वर्षांपूर्वीची मेल शोधून तिलाच रिप्लाय मारतात, विषय 'टर्बाइन केसिंग', आत लिहिलेलं व्हॉल्वबद्दल. व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता मात्र कायमचा, तो साइटवर कुठंच नाही, आणि गंमत म्हणजे त्याच्यावर आजवर स्पॅम आलेला नाही.

जुन्या पत्त्यावर ऑटो रिप्लाय लावून 'नवीन पत्ता हा घ्या' सांगावं असं एका मित्रानं सुचवलं. लावू नका. स्पॅमवाल्याचा 'फ्रॉम' खोटा असतो, तुमचा रिप्लाय कुठल्यातरी तिसऱ्याच बिचाऱ्याला जातो, आणि तुमचंच डोमेन स्पॅम पाठवणारं म्हणून यादीत चढायची भीती. नाकारायचं तर सर्व्हरच्या दारातच नाकारावं, आत घेऊन मग उत्तरं देत बसू नये.

आता फिल्टर. होस्टिंगला सीपॅनेल हे कंट्रोल पॅनेल असेल तर मागं बहुतेक स्पॅमअसॅसिन नावाचा फिल्टर असतो, प्रत्येक मेलला मार्क देतो आणि ५ च्या वर गेलं की स्पॅम. हा आकडा खाली आणायचा मोह होतो, ३ केला की इनबॉक्स कसा चकचकीत दिसतो. पण वाळू चाळायची चाळणी फार बारीक लावली की चांगली वाळूही वरच राहते, तसं होतं. आमच्याकडच्या छोट्या कारखान्यांचे मेल सर्व्हर कसलेही असतात, एसपीएफ (डोमेनच्या नावानं कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायची त्याची यादी) नाही, डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) नाही, पर्चेसवाला साहेब जुन्या पत्त्यावरनं फॉरवर्ड लावून बसलेला, आणि फॉरवर्ड झालेल्या मेलचा एसपीएफ तुटतोच. एसपीएफ फेल म्हणजे फेकून द्या असा नियम लावला तर पहिल्यांदा माझेच गिऱ्हाईक बाहेर. त्यामुळे आकडा ५ वरच आहे. भाषेची अट असते काही ठिकाणी, इंग्रजी सोडून बाकी संशयास्पद, तीही लावू नका, गोकाकचा एक सावकार मला कन्नडमध्ये लिहितो, निपाणीचा मराठीत, आणि दोघंही पैसे वेळेवर देतात.

मी उलटा फिल्टर लावलाय आणि सगळ्या सेटअपमध्ये मला हाच जास्त आवडतो. वाईट शब्द शोधायचे नाहीत, चांगले शोधायचे. स्पॅमवाला 'बेस्ट क्वालिटी', 'अर्जंट रिक्वायरमेंट' सगळं लिहील पण 'एफजी २६०' कधी लिहिणार नाही. आयएस २१० या बिडाच्या मानकातला ग्रेड, एसजी आयर्नचा ५००/७, कोअर बॉक्स, मशीनिंग अलाउन्स, पार्टिंग लाइन, स्टेप फाइल, यातलं काहीही मजकुरात दिसलं की मार्क कितीही पडू देत, मेल इनबॉक्समध्ये. जीमेल वापरत असाल तर फिल्टर करताना 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' अशी टिक असते तीच ही. बाकीच्या ठिकाणी एक विचारून घ्या, तुमचा नियम स्पॅम ठरायच्या आधी चालतो की नंतर, नंतर चालत असेल तर उपयोग शून्य. डॉक्टर असाल, वकील असाल, प्रत्येकाचे असे पाच-दहा शब्द असतातच की.

जे गिऱ्हाईक काहीच लिहीत नाहीत, नुसती झिप चिकटवतात, ते अजूनही स्पॅममध्ये पडतात. त्यासाठी वहिनी रोज संध्याकाळी हिशोब झाला की तो फोल्डर एकदा नजरेखालनं घालते. झिप तशीच उघडायची नाही, आधी आत काय आहे त्याची नावं बघायची, पीडीएफ, डीडब्ल्यूजी, स्टेप असलं तर ठीक, ईएक्सई, जेएस, आयएसओ असलं काही दिसलं तर हात लावायचा नाही.

ग्रेलिस्टिंग पण लावून बघितलं. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा 'आत्ता नको, थोड्या वेळानं ये' म्हणायचं, खरा सर्व्हर परत येतो, स्पॅम सोडणारा फालतू प्रोग्राम बहुतेकदा येत नाही. कल्पना २००३ ची आहे आणि अजून चालते. पण ओटीपीसुद्धा थोड्या वेळानं येतो, तोवर त्याची मुदत संपलेली. बंद केलं.

डीमार्कबद्दल (एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही जुळले नाहीत तर मेलचं काय करायचं हा डोमेनमालकाचा नियम) थोडं, कारण यूट्यूबवर ते स्पॅमचं औषध म्हणून सांगतात आणि ते तसं नाही. मेलचा जो मूळ एसएमटीपी नियम जॉन पोस्टेलनं १९८२ मध्ये लिहिला त्यात 'फ्रॉम' खरा आहे का हे तपासायची सोयच नव्हती, पाकिटावर कुणाचंही नाव लिहा. एसपीएफ, डीकेआयएम आणि त्यांच्यावर डीमार्क ही नंतरची ठिगळं. ती तुमच्या नावानं दुसऱ्यांनी मेल पाठवू नये म्हणून आहेत, तुमच्याकडं येणारा बाकीचा कचरा त्यानं कमी होत नाही. एकच प्रकार कमी झाला, स्वतःच्याच पत्त्यावरनं स्वतःला आलेली ती धमकी, 'तुझा कॅमेरा हॅक केलाय, बिटकॉइन पाठव' वाली. काका तर एकदा पॅनिक होऊन आले होते, "अरे ह्यो पैसे मागूलालाय, आपल्याच मेलवरनं, पोलिसात जाऊया काय?" म्हणून. आपला सर्व्हर आपलाच डीमार्क तपासतो, त्यामुळे ती आता इनबॉक्सपर्यंत येत नाही. आणि उलट दिशेचा फायदा मोठा आहे, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवायचं तर निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच (दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तर डीमार्कसकट सगळंच), त्यामुळे माझी कोटेशनं लोकांच्या स्पॅममध्ये जाणं बरंच थांबलं.

जे थांबलं नाही ते पण सांगतो. 'तुमची साइट गुगलच्या पहिल्या पानावर नाही' म्हणणारे एसईओवाले, फाउंड्री प्रदर्शनाच्या व्हिजिटरांची यादी विकणारे, आणि 'चीनमध्ये कुणीतरी तुमच्या नावाचं डोमेन घेतोय, लवकर कळवा' म्हणणारे. हे लोक नवीन जीमेल खातं काढून हातानं पाठवतात, सगळ्या तपासण्या पास होतात. डोकं धरायचं आणि डिलीट मारायचं. जगातली पहिली स्पॅम म्हणतात ती १९७८ च्या मे महिन्यात डीईसी कंपनीच्या गॅरी थ्यूर्कनं आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या साधारण ४०० जणांना पाठवली, त्यातही कॉम्प्युटरचंच मार्केटिंग होतं, म्हणजे मशीन विकणाऱ्यापासनंच सुरुवात झालीय. फोनसाठी १९०९ वर डीएनडी तरी आहे, मेलला तसलं काही नाही. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, पण तो फसल्यानंतरचा मार्ग.

पैशाच्या बाबतीत एक वेगळाच प्रकार, त्याला फिल्टरचा काही इलाज नाही. ओळखीच्या फाउंड्रीच्या नावासारखंच डोमेन, एमच्या जागी आर आणि एन चिकटवून लिहिलेलं, आणि 'आमचा बँक अकाउंट बदललाय'. आमच्याकडं आता नियम आहे, अकाउंट बदलला अशी मेल आली की आधीपासून असलेल्या नंबरवर फोन, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

साइटवर फॉर्म होता, काढला. लपवलेला रिकामा रकाना ठेवायचा आणि तो भरणारा बॉट म्हणून फेकायचा, ही युक्ती बरी चालायची, पण माणसं फॉर्म भरतच नव्हती, सगळे व्हॉट्सअॅपवर. खर्च म्हणाल तर डोमेन आणि मेलबॉक्स एवढाच, फिल्टरचं वेगळं काही विकत घेतलेलं नाही. डोमेनचं रिन्यूअल मात्र ऑटोवर ठेवा, सुटलं तर जो विकत घेईल त्याला तुमच्या सगळ्या एलियसवरची मेल आणि पासवर्ड रीसेटच्या लिंका आयत्या मिळतील.

माझ्याकडं डीमार्क अजून क्वारंटाइनवर आहे, म्हणजे फेल झालेली मेल स्पॅममध्ये टाका, रिजेक्ट म्हणजे घेऊच नका. रिजेक्टवर नेत नाही कारण बिलाचं सॉफ्टवेअर माझ्या नावानं इन्व्हॉइस त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरनं पाठवतं आणि सही त्याच्या डोमेनची करतं, रिपोर्टमध्ये ते फेल दिसतंय. त्यांना माझ्या डोमेनची डीकेआयएम की लावून द्या म्हणून लिहिलंय, उत्तर आलं की रिजेक्ट करीन, तोवर इन्व्हॉइस पीडीएफ करून हातानं पाठवतोय.