सात जणांचा की अकरा जणांचा? दहा वर्षांच्या पोरांसाठी कोणता फुटबॉल सामना बरा

पूर्ण मैदानावरचा गोल २.४४ मीटर उंच आणि ७.३२ मीटर रुंद. दहा वर्षांचा गोलकीपर त्यात उभा राहिला की डोक्यावरून मारलेला कुठलाही बॉल गोलच. पोरं मग तेवढंच शिकतात: लांबून उंच मारा. उजव्या कडेच्या मुलाला दहा-दहा मिनिटं बॉल शिवतही नाही, आणि बाहेरून पालक ओरडतात, ‘पळ रे!’ कुठे पळणार?

इंग्लंडमध्ये म्हणूनच वयाप्रमाणे संघात पाच, सात, नऊ आणि मग अकरा जण अशी चढण ठेवली आहे. सात जणांत मैदान आणि गोल दोन्ही लहान. बॉल सारखा पायाशी येतो, समोरचा लगेच अंगावर येतो. पास, ड्रिबल (बॉल पायाशी ठेवत पुढे नेणं) की वळायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. बचावपटूलाही पुढे जावं लागतं. अकरा जणांच्या सामन्यात लागणारी नजर इथेच तयार होते.

सगळंच तयार होतं असं मात्र नाही. एका कडेवरून दुसऱ्या कडेला लांब पास, बचावफळीची एकत्र हालचाल, दम राखून धावणं हे मोठ्या मैदानावरच कळतं. सातवरून थेट अकरावर उडी मारलेली पोरं तिथे हरवतात. मधली नऊची पायरी मला म्हणूनच सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडच्या भाड्याच्या, जाळीने वेढलेल्या टर्फच्या मैदानाला यात धरू नका. जाळीला आपटून बॉल परत येतो, त्यामुळे चुकलेला पासही खपून जातो.