‘असर’चा गणिताचा कागद: घरी वापरण्याजोगा आहे का?

प्रगतिपुस्तकात गणितापुढे ‘अ-१’ किंवा ९२ गुण लिहिलेले असतात. त्यावरून पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येते की नाही, हे कळत नाही. घटक चाचणीच्या आदल्या आठवड्यात वर्गात घोटून घेतलेली गणितंच पेपरात आली तर गुण मिळतात, आणि दोन महिन्यांनी तेच गणित कोरं राहतं. म्हणून ‘असर’ पाहणीतला अंकगणिताचा कागद पालकांनी घरी वापरावा का, हे इथे तपासलं आहे.

‘प्रथम’ ही मुंबईच्या वस्त्यांमधून उभी राहिलेली, शिक्षणात काम करणारी संस्था. तिच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ पाहणी होते, मुलांना वाचन आणि गणित प्रत्यक्षात किती येतं हे बघणारी. ५ ते १६ वयाच्या मुलांची तपासणी घरी जाऊन, एकेकट्याला समोर बसवून केली जाते. त्यासाठीचा कागद एका पानाचा आहे, मराठीतही आहे आणि संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतो. त्यात चारच पायऱ्या आहेत: १ ते ९ अंक ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. वजाबाकी दुसरीच्या पातळीची आहे, भागाकार तिसरी-चौथीच्या. तरीही २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी ३०.७ टक्क्यांनाच असा भागाकार जमला.

घरी घेताना क्रम पाळायला हवा. सुरुवात अंकांपासून करायची नाही, वजाबाकीपासून करायची. दोन वजाबाक्या द्यायच्या, दोन्ही बरोबर आल्या तर भागाकार. भागाकार एकच, पण भाग आणि बाकी दोन्ही बरोबर हवेत. वजाबाकी चुकली तर खाली उतरून दोन अंकी संख्या वाचायला सांगायच्या: पाचपैकी चार बरोबर आल्या तर ती पायरी पक्की, नाहीतर आणखी खाली, १ ते ९ कडे. निष्काळजीपणाची चूक वाटली तर तेच गणित पुन्हा एकदा करू द्यायचं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. घड्याळ लावू नका. शेजारी भावंडं नकोत, आणि “अरे, हातचा विसरलास ना!” हे वाक्य तर अजिबात नको. त्या एका वाक्याने चाचणी संपते आणि शिकवणी सुरू होते.

या कागदाची खरी ताकद वजाबाकीत आहे, आणि बहुतेक पालक ती वाया घालवतात, कारण ते उत्तरावर फक्त बरोबर-चूक अशी खूण करतात. ४३ − २७ घ्या. उत्तर १६. मुलाने २४ लिहिलं तर त्याने वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, म्हणजे सातातून तीन. दशक सुटा करणं त्याला उमगलेलंच नाही. २६ लिहिलं तर दशक सुटा केला, पण चारचे तीन करायला विसरला. पहिल्या मुलाला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील, दुसऱ्याला मांडणीची शिस्त पुरेल. स्वतः गणितं तयार करणार असाल तर एक काळजी घ्या: एककांमधला फरक पाच असलेली गणितं टाळा. ५२ − २७ मध्ये दोन्ही चुकांचं उत्तर ३५ च येतं, मग कारण कळत नाही.

भागाकारातही तेच. ८२४ ÷ ८ चं उत्तर १०३. मूल १३ लिहितं, कारण दोनाला आठाने भाग जात नाही तिथे शून्य द्यायचं राहून जातं. त्याला फक्त “उत्तर शंभराच्या वर येईल की खाली?” एवढं विचारा. आठ शेकडे आठशे, हे ज्याला दिसतं ते मूल स्वतःची चूक स्वतः पकडतं. ६५९ ÷ ४ मध्ये भाग १६३ आणि बाकी ७ आली, तर बाकी भाजकापेक्षा लहान असायला हवी हे डोक्यात नाही.

संख्या वाचनात मराठीची स्वतःची अडचण आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो, साठ नंतर. म्हणून ३६ आणि ६३ ची अदलाबदल होते. एकोणसाठ, एकोणसत्तर ही त्याहून अवघड. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं ते याचसाठी, आणि त्यावर बराच वादही झाला. मुलाने ‘साठ तीन’ म्हटलं किंवा इंग्रजीत सांगितलं तरी संख्या कळली असं धरा. नावाचा सराव वेगळा घेता येतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला देवनागरी अंकांचा कागद देऊ नका, तो १ ला नऊ वाचेल.

आता उणिवा. वजाबाकीवरून थेट भागाकारावर उडी आहे, मधे गुणाकार नाहीच. त्यामुळे भागाकार अडला तर पाढे कच्चे की रीत कच्ची, हे कागद सांगत नाही. सातचा पाढा मधूनच विचारून पाहावं लागतं. अपूर्णांक नाहीत, शाब्दिक उदाहरणं नाहीत. २०१८ मध्ये १४ ते १६ वयोगटाला वेळ, सवलत, खरेदी यांवरचे प्रश्न विचारले होते, पण नेहमीच्या पानावर ते नसतात. सहावीच्या पुढच्या, भागाकार पक्का झालेल्या मुलासाठी हा कागद जवळजवळ निरुपयोगी आहे.

ही भर पालकांनी स्वतः घालावी. भाजीवाल्याला ५० रुपये दिले, १८ ची भाजी झाली, परत किती? कागदावर ५० − १८ चं उत्तर ४८ लिहिणारं मूल इथे बिनचूक ३२ सांगत असेल तर समज आहे, रीत तेवढी राहिली आहे. ही फार चांगली बातमी असते. ५८ मुलं, एका रिक्षात चार, तर रिक्षा किती? ‘१४, बाकी २’ म्हणून थांबणाऱ्याला भागाकार येतो, पण उरलेली दोन मुलं त्याला दिसत नाहीत. पाचवीच्या पुढे विचारा: पाव भाकरी मोठी की एक तृतीयांश? पावणेअकराला निघालेली एसटी बारा वीसला पोचली, किती वेळ लागला? १ तास ७५ मिनिटं हे उत्तर आलं तर त्याने साठाचा तास शंभराचा धरला.

तीन महिन्यांतून एकदा, दर वेळी आकडे बदलून घ्या. तारीख टाकून कागद जपून ठेवा, खाडाखोडीसकट. खोडरबर देऊ नका. बोटं मोजणं थांबलं का, आधी अंदाज सांगून मग मांडतो का, चुकल्यावर स्वतः मागे वळतो का, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर दिसतं. पहिली ते पाचवीच्या घरांसाठी हा कागद आम्ही निःसंकोच सुचवतो. क्लासची फी भरण्याआधी तो एकदा घ्या. क्लासवाल्यांना “गणितात कच्चा आहे” असं सांगण्याऐवजी “दशक सुटा करणं अडतंय” असं सांगता येईल.