चूल, शेगडी की पायाशी कुत्रं? खानापूरकडच्या थंडीत घर उबदार कसं ठेवायचं

दिवाळी उलटली की आमच्या नात्यात एक विषय हमखास निघतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जुनं घर, घरात म्हातारी माणसं, मुलं बेळगावात नाहीतर पुण्यात. गेल्या महिन्यात भाच्यानं फोन केला, "मामा, यंदा आईला थंडी सोसत नाही. लोखंडी चूल बसवून घेऊ, का काळ्याला रात्री आत घेऊ? आई म्हणते, तो पायाशी झोपला की मला पुरे." काळ्या म्हणजे त्यांचं गावठी कुत्रं. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे.

बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुतेक दिवस 13-14 अंशांच्या आसपास असतो, लाट आली की 10 च्या घरात. आकडा ऐकून उत्तरेकडची माणसं म्हणतील, ही कसली थंडी! पण जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळाभर ओल पिऊन बसलेल्या भिंती, कौलांच्या फटीतून येणारा वारा आणि पायाला चावणारी फरशी हे त्या आकड्यात येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं अंग ऊब कमी तयार करतं, आणि आपण गारठलोय हे त्याला उशिरा कळतं. त्यातही संध्याकाळ कशीबशी निघते. खरा त्रास पहाटे तीन ते सहा. पर्याय कुठलाही घ्या, या तीन तासांत तो काय कामाचा, ते आधी बघा.

पहिल्यांदा शेगडीचं सांगतो, कारण तिच्याबद्दल माझं मत पक्कं आहे. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत नको. चार वर्षांपूर्वी आमच्या आत्याच्या घरी नव्या स्लॅबच्या खोलीत शेगडी ठेवून दार-खिडक्या लावल्या होत्या. निखारे छान लाल, धूर अजिबात नाही, म्हणून सगळे निर्धास्त. रात्री आत्या उठली ती डोकं धरून. दोन पावलं टाकली आणि गुडघ्यातनं वाकून उंबऱ्यावरच बसली, मग उलटी झाली. दार उघडून तिला अंगणात आणलं, अर्ध्या तासानं माणसात आली. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. जुन्या कौलारू घरात फटी होत्या म्हणून आपल्या आज्या-पणज्या शेगडीजवळ बसून निभावल्या. स्लॅबच्या बंद खोलीत ती सोय नाही.

आता चूल. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. स्वयंपाकाची सुधारित चूल वेगळी आणि खोली तापवायची चूल वेगळी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1980 च्या दशकात 'अस्त्र ओले' नावाची धुराड्याची चूल तयार झाली, 'ओले' म्हणजे कन्नडमध्ये चूल. धूर बाहेर, जळण कमी, स्वयंपाकाला उत्तम. पण अशा चुलीची सगळी रचना जाळ भांड्याखाली नेण्यासाठी असते. तिनं खोली तापावी ही अपेक्षा चुकीची. खोलीसाठी पाहिजे ती चारी बाजूंनी बंद, दाराची लोखंडी चूल. काश्मीरकडं तिला बुखारी म्हणतात. बेळगावात उद्यमबागेसारख्या ठिकाणी फाउंड्री आणि वेल्डिंगची कामं होतात, त्यामुळं अशी चूल करून घेणं आपल्याला अवघड नाही. सांगताना एवढं बजावा: जाळी बिडाची, अंगाचा पत्रा जाड, आणि जाळ लागतो तिथं जस्ताचा मुलामा असलेला पत्रा अजिबात नको. तो तापला की जस्ताचा धूर सुटतो, तो छातीला वाईट.

कौलारू घरात धुराडं बाहेर काढताना गवंड्यावर सगळं सोडू नका, समोर उभे राहा. नळी वाशा-रिपांना खेटून गेली तर एखाद्या रात्री वासा धुमसायला लागेल. नळी जाते तिथलं कौल काढून पत्र्याचा तुकडा बसवायचा, लाकडापासून चांगलं अंतर राखायचं, आणि नळीचं तोंड आढ्याच्या वर न्यायचं. खाली राहिलं तर वारा फिरला की धूर घरात उलटतो. वर्षातून एकदा काजळी झाडायची, कारण साचलेली काजळीच पुढं पेट घेते.

लाकडावर तर अर्धं यश आहे. एक किलो सुक्या लाकडात साधारण 4 युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या बंद चुलीत त्यातली निम्मी तरी घरात राहते. ओलं लाकूड घातलं की आधी त्यातलं पाणी उकळण्यात जाळ खर्च होतो, वर धूर आणि काजळी. होळीच्या सुमाराला फोडून, पावसाआधी आडोशाला रचलेलं लाकूड दिवाळीला जाळण्याजोगं होतं. दोन ढलप्या एकमेकांवर आपटा. टणक आवाज आला आणि टोकाला चिरा दिसल्या तर सुकलं समजा, थप्प आवाज आला तर थांबा. बांधावरची बाभूळ, सुबाभूळ चालते. काजूची टरफलं मात्र घरात जाळू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला जाळतो. आणि भीमगड अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांनी जंगलातल्या मोळीवर हिशोब धरू नये.

इलेक्ट्रिक हीटरचं चार ओळीत. धूर नाही, राख नाही, बटण दाबलं की ऊब. पण 2 किलोवॅटचा हीटर रोज चार तास लावला तर महिन्याला 240 युनिट होतात. कर्नाटकात सरकारच्या गृहज्योती योजनेखाली फुकट वीज 200 युनिटांपर्यंतच, आणि एकूण वापर त्याच्या वर गेला की सगळंच बिल अंगावर येतं. शिवाय पहाटे वीज गेली तर संपलं.

मग काळ्या. माझी बहीण म्हणते ते खोटं नाही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंश असतं, आपल्यापेक्षा जास्त, म्हणून पोटऱ्यांना टेकून झोपलं की लगेच ऊब लागते. पण हिशोबही समजून घ्या. 20 किलोचं कुत्रं बसल्या जागी 35 वॅटच्या आसपास उष्णता देतं, जुन्या 40 वॅटच्या बल्बाच्या जरा खाली. चुलीत एक किलो सुकं लाकूड घरात जेवढी उष्णता सोडतं तेवढी द्यायला काळ्याला दोन-अडीच दिवस लागतील. खोली तापवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. एका माणसाचे पाय तो तापवतो, आणि नेमका पहाटे तीन ते सहा, चूल विझल्यावर. त्याला लाकूड घालावं लागत नाही, धुराडं लागत नाही. उशिरापर्यंत एकट्या जागणाऱ्या माणसाला अंधारात श्वासाचा आवाज असतो, ही गोष्ट मी हलकी धरत नाही.

पण उबेसाठी म्हणून नवं कुत्रं आणू नका. पंधरा वर्षं सांभाळायचं जनावर आहे ते. आधीपासून घरात असेल तर रेबीजची लस दर वर्षी, जंताचं औषध, गोचीड-पिसवांकडं लक्ष, आणि अंथरुणात न घेता अंथरुणाच्या खाली पोतं, एवढं करून आत घ्या. आत घेण्याचं आणखी एक कारण आहे. रानालगतच्या वाड्यांवर बिबट्या अंगणातलं कुत्रं उचलतो, साखळीला बांधलेलं तर आधी. कुणी मुधोळ आणायचं म्हणत असेल तर ऐका: आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली ती जात शिकारीला देखणी, 2005 मध्ये तिच्यावर टपालाचं तिकीटही निघालं, पण अंगावर केस तोकडे आणि चरबी जवळपास नाही. थंडीत तिला तुमच्या उबेची गरज, तुम्हाला तिच्या नाही.

गावठी कुत्र्याला ऊब कुठं आहे ते बरोबर कळतं. परवा पहाटे बहिणीच्या घरी न्हाणीकडं गेलो. पाणी तापवायच्या चुलीतली राख अजून कोमट होती, काळ्या तिच्यात वेटोळं करून, शेपटी नाकावर घेऊन पडलेला. हाक मारल्यावर उठला तो काळा नव्हताच, पांढराफटक. अंग झाडलं आणि ती राख माझ्या धोतरावर.

तर कुणी काय करावं? कौलारू घर, दोघं म्हातारे, जळणाची सोय बांधावर आणि लाकूड घालायला एक धडधाकट माणूस असेल तर पैसे लोखंडी चुलीत आणि धुराड्यात घाला. स्लॅबची छोटी खोली असेल, माणूस एकटं असेल आणि वाकून लाकूड घालणं जमत नसेल तर चुलीच्या नादाला लागू नका. दाराच्या फटी बंद करा, खाली चटई, वर दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी, झोपण्याआधी तासभर हीटर, आणि कुत्रं आहेच घरात तर पायाशी. चांगली घोंगडी नवी असताना टोचते म्हणून लोक टाळतात. आत मऊ लुगडं किंवा चादर घ्या, महिन्याभरात सवय होते.

भाच्याला मी चूलच सांगितली, कारण घर कौलारू आहे आणि तो स्वतः शनिवार-रविवारी जाऊन लाकूड फोडून ठेवतो. दोन अटी घातल्या. रात्री निजताना आत विस्तव असेल तर धुराड्याची झडप पूर्ण बंद करायची नाही. थोडी ऊब वर जाईल, जाऊ दे, नाहीतर शेगडीतला तोच कार्बन मोनॉक्साइड घरात येईल. आणि चुलीपासून दोन हात अंतरावर वीत-दीड वीत उंचीची विटांची ओळ रचायची. काळ्याचं पोतं त्या ओळीच्या अलीकडं, बहिणीच्या खाटेच्या पायथ्याला. चुलीला खेटून झोपू दिलं तर केस करपेपर्यंत तो हलणार नाही.