जुन्या डिझेल ट्रकचं कूलंट जातं कुठे? हातपंपाच्या प्रेशर टेस्टर किटचं परीक्षण

रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी टाकावं लागतं, पण गाडीखाली जमीन कोरडी. जुना डिझेल ट्रक अशी तक्रार घेऊन आला की कुठलाही नट सैल करण्याआधी हातपंपाचा कूलिंग प्रेशर टेस्टर लावावा. रेडिएटरच्या तोंडावर बसणारं अडॅप्टर, छोटा हातपंप, दाब दाखवणारं गेज आणि हवा सोडायचा व्हॉल्व्ह, एवढंच हे हत्यार. तरी गळती शोधण्याच्या कामात याच्या जवळपास जाणारं दुसरं काही नाही.

याचं कारण साधं आहे. चालू इंजिनात कूलंट ८५-९० अंशांवर असतं आणि त्यावर दाबही असतो. बारीक फटीतून आलेला थेंब तापलेल्या ब्लॉकवर पडतो आणि जमिनीवर पोहोचण्याआधी वाळून जातो. इंजिन थंड झालं की दाब उतरतो आणि गळतीही थांबते. टेस्टर थंड इंजिनावर तोच दाब देतो, त्यामुळे थेंब थेंबच राहतो आणि हात न भाजता त्याचा माग काढता येतो.

किट निवडताना अडॅप्टरांची संख्या बघून भुलू नका, आधी गेज बघा. जुन्या ट्रकच्या रेडिएटर कॅपवर साधारण ०.५ ते १.१ बार, म्हणजे ७ ते १६ पीएसआय असा आकडा असतो. ० ते २.५ बारचं गेज या कामाला योग्य. काही किटमध्ये ४ बारपर्यंतचं गेज देतात. त्यावर ०.१ बारची घट काट्याच्या जाडीतच लपून जाते, आणि नेमकी तीच घट आपल्याला बघायची असते.

अडॅप्टरांपैकी जुन्या ट्रकला खरं उपयोगी पडतं ते दोन कानांवर फिरवून बसवायचं. त्यातही तोंडाची खोली जुळली पाहिजे, कारण रबराचं सील आतल्या खालच्या कडेवर टेकायला हवं. वरच्या कडेवर टेकलं तर ओव्हरफ्लो नळीतून हवा निघून जाते आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो. रेडिएटरचं तोंड झिजलं असेल तर फुगून बसणारं रबरी अडॅप्टर कामाला येतं, म्हणून ते किटमध्ये असावं. एक्स्पान्शन टँकसाठीची आट्यांची प्लॅस्टिक अडॅप्टरं ढीगभर असतात, पण त्यातली बहुतेक जुन्या ट्रकवर कधीच लागत नाहीत.

या किटचा ठरलेला दोष म्हणजे पंपाच्या नळीच्या झटपट जोडातली ओ-रिंग. स्वस्त किटमध्ये ती कडक असते आणि तिथूनच हवा निसटते. म्हणून पहिली चाचणी टेस्टरचीच करा. कॅप तपासायचा जोड लावून त्यावर पक्की खात्रीची कॅप बसवा, तिच्या आकड्याच्या जरा खालपर्यंत दाब भरा आणि ५ मिनिटं काटा बघा. हलला तर ओ-रिंग बदलून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. हे न करता गाडीला हात लावला तर पुढचा सगळा निकाल संशयाचा.

आता प्रत्यक्ष चाचणी. इंजिन पूर्ण थंड हवं, कोमट चालत नाही. कोमट इंजिन थंड होताना दाब आपोआप उतरतो आणि गळती नसतानाही काटा खाली येतो. रेडिएटर तोंडापर्यंत भरा, आत हवा जितकी कमी तितका काटा खरं बोलतो. हीटरचा कॉक असेल तर उघडा ठेवा, नाहीतर केबिनमधला हीटर कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) चाचणीतून सुटतो. अडॅप्टरचं रबर कूलंटने ओलं करून बसवा आणि कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरा. जास्त भरून गळती लवकर सापडेल हा हिशेब महागात पडतो, जुना हीटर कोर किंवा रेडिएटरच्या टाकीचा जोड तिथेच फुटतो. याच कारणासाठी कंप्रेसरची हवा यात कधीही सोडू नये.

पहिली दोन मिनिटं काटा थोडा उतरेल, कारण रबरी होज ताणून फुगतात. पुन्हा आकड्यापर्यंत आणा आणि तिथून १५ मिनिटं मोजा.

काटा भराभर पडला तर गळती बहुधा बाहेर आहे आणि थोड्या वेळात दिसेल. खरी कसोटी लागते ती १५ मिनिटांत ०.१ बार उतरणाऱ्या गळतीची. अशा वेळी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सगळ्यात आधी वॉटर पंपाच्या पोटाखाली बघा. सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये पेन्सिलीच्या टोकाएवढं एक भोक असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याच्या खाली हिरवट-पांढऱ्या खपलीचा ओघळ दिसला आणि दाबाखाली भोकाच्या कडेला थेंब हळूहळू फुगून सुटताना दिसला, की पंप बदलायचा. हे भोक एम-सीलने बुजवणारे लोक आहेत. तसं केलं की कूलंट बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग धरतं आणि फॅन रेडिएटरवर जाऊन आदळतो.

पुढे होजच्या क्लिपा. थंडीत रबर आणि धातू वेगवेगळे आक्रसतात, म्हणून पहाटे टपकणारी आणि इंजिन तापल्यावर बंद होणारी गळती बहुधा इथलीच असते. स्क्रूची साधी क्लिप पुन्हा पुन्हा आवळली की पट्टीच्या खाचा रबर कापतात. मोठ्या होजवर स्प्रिंग वॉशरवाली, ताण कायम राखणारी क्लिप लावा. सिलिकॉन होज असेल तर आतून गुळगुळीत पट्टी असलेलीच क्लिप हवी. त्यानंतर ब्लॉकच्या कुशीतल्या पत्र्याच्या गोल डमी, म्हणजे ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या टोप्या बघा, त्या आतून गंजतात. मग केबिनमधली मॅट उचलून बघा. ती ओली आणि चिकट लागली, आणि काचेवर तेलकट वाफ धरत असली, तर हीटर कोर गेलाय.

बाहेर कुठेच ओल नाही आणि काटा मात्र उतरतोय, म्हणजे पाणी आत जातंय. दाब भरून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल करा. कूलंट तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. वेट लायनरच्या इंजिनात (जिथे सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळीला, लायनरला, बाहेरून थेट कूलंट लागतं) यामागे लायनरच्या खालच्या ओ-रिंगा असतात, नाहीतर लायनरला बाहेरून पडलेली बारीक भोकं. लायनर कंपतो, त्याच्या भिंतीशी बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंड टोकरत जातात. हे टाळण्यासाठी कूलंटमध्ये नायट्राइटसारखं संरक्षक द्रव्य योग्य प्रमाणात लागतं आणि त्याची पातळी पट्टी बुडवून तपासता येते. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चालवलेल्या अशा इंजिनात ही भोकं पडण्याचा धोका मोठा.

इथे एक सावधगिरी कळकळीने सांगतो. रात्रभर दाब ठेवल्यानंतर थेट स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ज्या सिलिंडरमधून पाणी उडालं, तोच दोषी.

१५ मिनिटं काटा जागचा हलला नाही, तरी कूलंट कमी होतंय? मग हाच टेस्टर लावून थंड इंजिन चालू करा. उष्णतेने दाब चढायला काही मिनिटं लागतात. पहिल्याच मिनिटात काटा उसळला आणि रेस दिल्यावर थरथरू लागला, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेली आहे किंवा हेडला तडा आहे. दाब कॅपच्या आकड्याला येताच इंजिन बंद करून व्हॉल्व्हने सोडा. निळ्या द्रवाच्या ब्लॉक टेस्टरने याची खात्री करता येते, जळालेल्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडने तो द्रव पिवळा होतो. पण आयडलिंगवर डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो. म्हणून थोडी रेस देऊन जास्त वेळ बघा. रंग पिवळ्याऐवजी हिरव्यावरच थांबला तरी तो दोषच समजा.

या किटची मर्यादा इथेच आहे. इंजिन पूर्ण तापल्यावरच उघडणारा तडा थंड चाचणीत दिसत नाही. त्यासाठी कूलंटमध्ये पाण्यात मिसळणारा यूव्ही डाय घालून गाडी दोन दिवस चालवावी आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघावं. स्टॉप-लीकची पावडर मात्र घालू नका, ती गळतीच्या आधी हीटर कोरच्या बारीक नळ्या बुजवते.

किटमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे कॅप तपासायचा जोड, आणि खरं तर तोच सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडतो. कॅप ओली करून दाब भरा. तिने लिहिलेल्या आकड्याजवळ हवा सोडावी आणि त्याच्या जरा खाली दाब धरून ठेवावा. दर एक पीएसआय दाबामागे उकळण्याचा बिंदू सुमारे दीड अंशाने चढतो. त्यामुळे १५ची कॅप ७लाच सुटत असेल तर चढावर पाणी उकळून ओव्हरफ्लोतून जातं आणि दोष रेडिएटरच्या माथी येतो. कॅपच्या मधला छोटा व्हॉल्व्ह नखाने ओढून सोडा, तो परत बसला पाहिजे. तो अडकला असेल तर गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसतो.

दुरुस्तीनंतर हीच १५ मिनिटांची चाचणी पुन्हा करा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर पातळी बघून लागेल तेवढं टाका. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि एथिलीन ग्लायकॉल त्यांच्या जिवावर बेततं.