दोन सेमिस्टर रिफर्बिश्ड लॅपटॉपवर: कॉलेजला खरंच लागतो का?

लॅपटॉप जूनमध्ये नाशिकच्या एमजी रोडवरून २२,५०० रुपयांना घेतलेला. १४ इंची, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दोन सेमिस्टर रोजच्या वापरानंतर मत पक्कं झालंय: वर्गात बसायला लॅपटॉप लागत नाही. प्रॅक्टिकलची तयारी, जर्नल आणि प्रोजेक्टला लागतो, आणि त्यासाठी पन्नास हजार घालायची गरज नाही.

वर्गात का नको, तर पहिली अडचण विजेची. जुन्या इमारतीतल्या वर्गात प्लगचा बोर्ड एकच असतो, तोही फळ्याजवळ, आणि त्यात प्रोजेक्टर लावलेला. बाक उतरता आणि अरुंद, त्यामुळे लॅपटॉप ठेवला की वहीला जागा उरत नाही. मॅट्रिक्स किंवा सर्किट डायग्रॅम टाइप करत बसलं तर तोवर फळा पुसलेला असतो. आणि मुख्य म्हणजे पुणे विद्यापीठाची लेखी परीक्षा पेनानेच द्यायची. वर्षभर नुसतं टाइप केलेल्याचा हात पेपरच्या दुसऱ्या तासात भरून येतो. नोट्स वहीतच काढा.

शाखेप्रमाणे गरज बदलते. बीए किंवा विधीच्या विद्यार्थ्याचं फोन आणि लायब्ररीवर बहुतेक भागतं. बीकॉमला टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एज्युकेशन मोड फुकट आहे. त्यात नोंदी फक्त १, २ आणि ३१ तारखेच्याच करता येतात, पण सरावाला तेवढं पुरतं आणि ४ जीबीचा जुना संगणकही चालतो. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी मात्र माझ्यासारखं मशीन घेऊ नये. ऑटोकॅडचं साधं ड्रॉइंग निघतं, मोठी थ्रीडी असेंब्ली फिरवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. ऑटोकॅडचं विद्यार्थी लायसन्स एका वर्षासाठी मोफत मिळतं आणि पात्रता असेपर्यंत दरवर्षी वाढवून घेता येतं, तेव्हा क्रॅक केलेल्या कॉपीच्या नादी लागू नका.

कोडिंगला मशीन उत्तम निघालं. पायथन, जावा, मायएसक्यूएल एकाच वेळी उघडले तरी अडखळत नाही. कस लागतो तो अँड्रॉइड स्टुडिओत. एमुलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, चालू केला की १६ जीबीतली बरीचशी रॅम तोच खातो. ८ जीबीवाल्यांनी एमुलेटरचा नाद सोडावा, फोनचं यूएसबी डिबगिंग चालू करून अ‍ॅप थेट फोनवर चालवावं. रॅम ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्यांत घ्या. एकच १६ ची पट्टी असली तर प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स मंद पडतं, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्यांतून ती जास्त वेगाने मिळते.

सातव्या पिढीचा लॅपटॉप दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बॅटरीची परीक्षा दुकानातच करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ टाइप केलं की एक फाइल तयार होते. तीत मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसते. माझी मूळ ४८ वॅट-अवर, घेताना ३८, आता ३३. कोडिंग करताना अडीच तास जाते, घेतला तेव्हा तीन तास जायची. आजचा आकडा मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा क्लिक दबेनासा झाला तर बॅटरी फुगलीय असं समजा, चार्जिंग त्याच दिवशी बंद करा.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो चार्जरच्या वायरने. ही मशीन बहुधा परदेशातल्या ऑफिसांतून येतात आणि सोबत चपट्या दोन पात्यांची वायर असते. तिला कन्व्हर्टर लावला की बोर्डात ढिला बसतो, ठिणगी उडते, प्लास्टिक पिवळं पडतं. शिवाय अर्थिंग नसल्याने लॅपटॉपच्या धातूवर मनगट टेकलं की मुंग्या आल्यासारखं होतं. अडॅप्टरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. उपाय साधा: दुकानात ‘मिकी माऊस केबल’ मागा, ६ अँपिअरची, तीन पिनची, आयएसआय मार्क पाहून. अडॅप्टरच्या मागे तीन गोल भोकं एकत्र दिसतात तिथे ती बसते. मुंग्या लगेच थांबल्या. घरच्या बोर्डालाच अर्थिंग नसेल तर मात्र केबल बदलून काही होणार नाही, आधी वायरमनला बोलवा.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालची जाळी बंद होते आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. वर्षातून एकदा पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या.

फोनच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबी डेटा विंडोज अपडेट एका झटक्यात संपवतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत. जर्नलची प्रिंट काढायला वर्ड फाइल नेऊ नका, झेरॉक्सवाल्याकडे तुमचा मराठी फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवा. तिथल्या संगणकात पेनड्राइव्ह घातला की शॉर्टकट व्हायरस हमखास येतो, सगळे फोल्डर गायब झाल्यासारखे दिसतात. फाइली नुसत्या लपलेल्या असतात, फॉरमॅट मारू नका.

पावसाळ्यात गाडीवरून नेताना बॅगच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीच्या बाजूने झिरपतं. आधी जाड प्लास्टिकची पिशवी, तिचं तोंड दुमडून खाली, मग बॅग. आणि ओल आलीच, तर सुरू करून बघायचा मोह टाळा. चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरी काढा, उघडून उलटा तंबूसारखा पंख्याखाली निदान दोन दिवस राहू द्या.