वाइड लेन्स घेताना चारही कोपरे तपासा: वापरलेल्या लेन्समध्ये होणारी फसवणूक

पुण्यात इंटिरियरची कामं करणाऱ्या एका डिझायनरने कॅनन ६डी कॅमेऱ्यासाठी १७-४० एमएम एफ ४ एल ही वापरलेली वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स २४,००० रुपयांना घेतली. काच स्वच्छ, रबर शाबूत, फोकस झटकन बसणारा. दुकानदाराने समोरच चार फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. गोम कळली ती पहिल्याच कामात. स्वयंपाकघराच्या फोटोत मधला ओटा लख्ख, शेगडीची बटणं मोजून घ्यावीत असा. आणि उजव्या हाताच्या कपाटाच्या कडा भिजलेल्या कागदासारख्या फुगलेल्या. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ ११ पर्यंत लहान करूनही तेच. लेन्स परत द्यायला गेल्यावर उत्तर मिळालं, “मॅडम, वाइड लेन्सचे कोपरे असेच असतात.”

हे उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते गळी उतरतं. वाइड लेन्सचे कोपरे मध्यापेक्षा मऊ, म्हणजे थोडे अस्पष्ट, असतात, पण चारही जवळजवळ सारखेच. एकच बाजू बिघडलेली दिसली तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे असं समजा. अशा लेन्सला डिसेंटर झालेली म्हणतात. पोर्ट्रेट काढणाऱ्याला ती वर्षभर खटकणार नाही. इमारतीच्या फोटोत मात्र कमान, कठडा, खिडकीची चौकट सगळं कडेलाच असतं.

अशी लेन्स बाजारात येते कुठून? काही पडलेल्या असतात. पण मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यातल्या कित्येक लेन्सला पावसाळ्यात बॅगेतच फंगस (बुरशी) धरतो. मग कारागीर ती उघडतो, पुसतो, पुन्हा जोडतो आणि काच आरशासारखी दिसू लागते. बऱ्याच वाइड लेन्समध्ये काचेचा एखादा गट कारखान्यात पातळ चकत्या घालून किंवा स्क्रू किंचित फिरवून, यंत्रावर बघत बघत मध्यावर आणलेला असतो. तो खूण न करता सोडला की मूळ जागेवर परत बसत नाही. म्हणून “काच एकदम क्लीन” असं कोणी ठासून सांगितलं की आधी ती कधी उघडली होती का, हे विचारा. माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या) स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का, पुढची नावाची रिंग नीट बसली आहे का, ते पाहा. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस. धागे नसून फिकट, न पुसले जाणारे डाग असतील तर फंगस पुसला गेलाय, पण त्याने काचेवरचं कोटिंग आधीच खाल्लंय.

खरी परीक्षा भिंतीवर. विटांची किंवा टाइल्सची सपाट भिंत शोधा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १७ एमएमला २ मीटरवरून साधारण ४.२ मीटर रुंदी फ्रेममध्ये येते, तेवढी भिंत हवी. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, २ सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), लेन्स करेक्शन (दोष आपोआप सुधारणारी सोय) बंद. कॅमेरा भिंतीला समांतर आहे का, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. फ्रेमच्या मध्याजवळ, लेन्सच्याच उंचीवर भिंतीला एक छोटा आरसा सपाट टेकवा आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) १० पट मोठं करून मध्यावर हाताने फोकस करा आणि मग त्याला हात लावू नका. एफ ४ आणि एफ ८ ला एकेक फोटो, तेही १७, २४ आणि ४० या तीनही ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी मध्यावर नव्याने फोकस करून.

आता कॅमेरा उलटा करून, म्हणजे डोकं खाली ठेवून, आरसा पुन्हा जुळवून तेच फोटो काढा. लॅपटॉपवर फाइल न फिरवता १०० टक्क्यांवर पाहा. दोन्ही वेळा फाइलचा तोच कोपरा मऊ असेल तर दोष बहुधा लेन्सचा. मऊपणा समोरच्या बाजूला गेला तर कॅमेरा समांतर नव्हता, लेन्सला बोल लावू नका. चारही कोपरे मऊ असतील तर कोपऱ्यावर वेगळा फोकस करून बघा. तिथे ते स्पष्ट होत असतील तर फोकसचा पृष्ठभाग वाकलेला आहे, आणि तो बऱ्याच वाइड लेन्सचा स्वभावच असतो. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून लेन्स घेऊ नका.

विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या नमुन्यांवर विसंबू नका. आकार लहान झाला की मऊ कोपराही लख्ख दिसतो. शिवाय जेपेगमध्ये काही कॅमेरे वाकड्या रेषा स्वतःच सरळ करतात. मूळ रॉ मागा.

नवशिक्यांना फसवण्याचा दुसरा प्रकार स्वस्तातला. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या पुढे फिरवून लावायची “०.४५ एक्स वाइड अँगल लेन्स”. हिशोब सांगतात १८ गुणिले ०.४५, म्हणजे ८ एमएम. टेप घेऊन मोजा. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर १८ एमएमला २ मीटरवरून साधारण २.६ मीटर रुंदी येते. दावा खरा असेल तर ५.८ मीटर यायला हवी. खांब पिंपासारखे फुगतात, कडांना जांभळी-हिरवी झालर येते. वाकलेली रेषा सॉफ्टवेअरमध्ये सरळ होईल, कोपऱ्यातला पुसट झालेला तपशील परत येणार नाही.

वेगळ्या आवृत्तीची लेन्स गळ्यात मारणं हेही सर्रास चालतं. टोकिना ११-१६ च्या पहिल्या निकॉन आवृत्तीत मोटर नाही, त्यामुळे डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीवर ऑटोफोकस चालत नाही. दुसरीत मोटर आहे. निकॉनची एएफ-पी १०-२० ही डी३२००, डी५१००, डी७००० यांवर फोकसच करत नाही. कॅननची ईएफ-एस १०-१८ फुल फ्रेम ६डी वर बसतच नाही. कॅननची २४ एमएम टिल्ट-शिफ्ट (कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स) घेताना फिल्टरचा आकार वाचा: जुनीचा ७२ एमएम, दुसऱ्या आवृत्तीचा ८२. शिफ्ट जुनीत ११ एमएम, नवीत १२. या लेन्सवर शिफ्ट पूर्ण वर नेऊन लॉक घट्ट करा, कॅमेरा पाच मिनिटं ट्रायपॉडवर तसाच ठेवा. लॉक झिजलेला असेल तर लेन्स स्वतःच्या वजनाने खाली सरकते.

ऑनलाइन व्यवहारात “पैसे पाठवतोय, पिन टाका” असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवा. दुकानाविरुद्धची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते, पण त्यासाठी पावती हवी. पावतीवर लेन्सचं पूर्ण नाव, आवृत्ती, माउंट, सीरियल नंबर आणि परतीची मुदत लिहून, शिक्का मारून घ्या. नंबर लेन्सवर आणि खोक्यावर एकच आहे ना, तेही बघा. त्या १७-४० च्या पावतीवर “लेन्स, १ नग” एवढंच होतं. त्यामुळे ती लेन्स आपण दिलेली नाहीच, असं सांगायला दुकानदार मोकळा झाला.