संप बसवला, पाणी तिथेच

एप्रिलमध्ये दारात येऊन तळघराच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी देणारा कोणी भेटला, तर आधी हे वाचा.

कुडाळजवळ आमचं घर उतारावर आहे. डोंगराकडची बाजू कापून खाली भाताची पोती ठेवायला खोली काढलेली. पावसात तिथे भिंत आणि कोबा मिळतो त्या सांध्यातून पाणी यायचं. ठेकेदाराने भिंतीला आतून केमिकल कोटिंग केलं, कडेने जमिनीखालून पाइप टाकला, कोपऱ्यात संप (पाणी गोळा व्हायचा खड्डा) खणून ते उपसायला मोटर बसवली. लेटरहेडवर १० वर्षांची गॅरंटी, आणि पैसे ८० हजार.

जुलैत कोटिंगला फुगे आले. मोटर रात्रंदिवस चालू, त्यामुळे ती काम करतेय असंच वाटायचं. शेवटी गावातल्या गवंड्याने कोबा फोडला. पाइप साधा, भोकं नसलेला, आणि संपाच्या वीतभर अलीकडेच संपलेला! संपात पाणी यायचं ते त्याच्याच तळातून. मोटरचं पाणी सोडलं होतं डोंगराकडच्या भिंतीमागे, म्हणजे तेच पाणी झिरपून परत आत. उपसलेलं पाणी पाइपातून उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही नव्हता. गवंडी म्हणाला, “पाणी भायरसून येता, मगे रंग आतसून कित्याक?”

खरंच आहे ते. इथला जांभा दगड सच्छिद्र, इथे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. बाहेरची माती तुडुंब भरली की पाणी भिंतीतून दाब देतं आणि आतला थर सोलून काढतं. ते बाहेरच अडवायला हवं. डोंगराच्या बाजूला कोब्याच्या पातळीखाली जाईल एवढा चर (पायाच्या खाली मात्र खणू नये), त्यात खडी, भोकांचा पाइप, भोवती माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, आणि १०० फुटांना निदान १ फूट उतार. आमच्यासारख्या घराला तो पाइप खालच्या अंगाला उघडा सोडता येतो, मोटर लागतच नाही. आम्हाला ती विकली गेली, एवढंच. खाडीकाठच्या सपाट जागेत संप लागतो, पण तिथेही पावसात लाइट जाणार हे धरून इन्व्हर्टर हवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी पाइपच्या वरच्या टोकाला बादल्या ओता, पाणी संपात पडतंय का बघा, फ्लोट (पाण्याबरोबर वर येऊन मोटर सुरू करणारा तरंगता स्विच) हाताने उचलून मोटर सुरू होते का पाहा, आणि पाणी कुठे सोडलंय तिथपर्यंत चालत जा. उन्हाळ्यात काम झालं तर याशिवाय काहीच कळत नाही.

आमच्या ठेकेदाराचा फोन आता लागत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षांची.